धातू, मर्दुमकी आणि कुटुंब : मराठवाड्यातील पुरुषत्वकल्पनेचा शब्देतिहास

पुरुषत्व या कल्पनेचा इतिहास लिहावयाचा तर त्याची साधने कोणती, हा पहिला प्रश्न होय. राजांच्या पराक्रमाच्या बखरी आहेत, महसुलाची दप्तरे आहेत, संतांची चरित्रे आहेत. परंतु सामान्य कुणबी आपल्या शरीराविषयी कोणती भीती मनात बाळगीत होता याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ही भीती त्याने बोलून दाखविली ती वैदूजवळ, हकिमाजवळ, फार तर एखाद्या जिवलग सोबत्याजवळ, आणि तीही आडवळणाने. मात्र बोलण्यातील ही आडवळणे भाषेत टिकून राहतात. माणसे गेली, दवाखाने बदलले, राज्ये बदलली, तरी ‘धातू जाणे’ हा वाक्प्रचार राहिला आणि ‘नामर्द’ ही शिवी राहिली. ज्या विषयावर समाजाने लिहावयाचे टाळले, त्या विषयाचा इतिहास त्या समाजाच्या शब्दांतून वाचावा लागतो.

अशा वाचनासाठी किल्लारीचा परिसर विशेष सोयीचा आहे. हे गाव लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात येते. १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा झाला, त्यापूर्वी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मोडत असे. आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. येथील बोलीत संस्कृतोद्भव मराठीचा थर आहे, त्यावर कित्येक शतकांच्या फार्सी-दखनी-उर्दू व्यवहाराचा थर आहे, आणि त्यावर गेल्या सत्तर वर्षांतील सरकारी आरोग्यखात्याच्या परिभाषेचा थर आहे. शरीराविषयी बोलताना येथला माणूस हे तिन्ही थर एका वाक्यात वापरतो. शिवाय १९९३ च्या भूकंपाने या भागातील घरांची जी उलथापालथ केली तीमध्ये वंश, अपत्य आणि पुनर्विवाह यांविषयीच्या रूढ कल्पना एकाएकी उघड्या पडल्या. तो विषय पुढे येईल. तत्पूर्वी शब्दांचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

मुळात ज्या तीन गोष्टी परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत, त्या मराठीत एकाच शब्दसमूहाने दर्शविल्या जातात, हे येथे प्रतिपादावयाचे आहे. संभोगाची क्षमता ही एक गोष्ट. अपत्य निर्माण करण्याची क्षमता ही दुसरी. आणि घरात, गावात, रणांगणात चालणारी सत्ता किंवा दिसणारे धैर्य ही तिसरी. पहिली असून दुसरी नसणे हे वैद्यकात नित्याचे आहे. तिसरीचा तर शरीराशी संबंधच नाही. असे असूनही ‘पुरुषत्व’, ‘मर्दानगी’ व ‘शक्ती’ हे शब्द तिन्ही अर्थी चालतात, आणि ‘नपुंसक’, ‘षंढ’ व ‘नामर्द’ हे तिन्हींच्या अभावी. या संकराचा भार कोणावर किती पडला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

संस्कृत परंपरेत ‘पौरुष’ या शब्दाचा एक प्रमुख अर्थ मानवी प्रयत्न असा आहे. महाभारतात दैव आणि पौरुष, किंवा दैव आणि पुरुषकार, असा वाद वारंवार येतो. तेथे पौरुष म्हणजे मनुष्याच्या हाती असलेले कर्तृत्व. हा अर्थ मराठीत फारसा उतरला नाही. उलट ‘क्लैब्य’ हा वैद्यकातील शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात युद्धविन्मुख अर्जुनाच्या निर्भर्त्सनेसाठी योजला आहे. शरीराच्या विकाराचे नाव मनाच्या कचरण्याला देण्याची ही रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

आयुर्वेदाचे ग्रंथ मात्र या बाबतीत लोकभाषेपेक्षा पुष्कळ काटेकोर आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार कारणभेदाने सांगितले आहेत. बीजाचा उपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय अशी ती कारणे होत. सुश्रुतानेही क्लैब्याचे भेद केले आहेत. म्हणजे अवयवाचा विकार, वार्धक्य आणि बीजाचा दोष या गोष्टी वेगळ्या आहेत याची जाण या शास्त्रकारांना होती. परंतु त्या सर्वांवर छप्पर एकाच नावाचे घातले, आणि लोकांनी छप्पर तेवढे उचलले, आतील खोल्या विसरल्या. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग होय. त्यामध्येही अपत्यप्राप्ती आणि रतिसामर्थ्य ही दोन्ही प्रयोजने जोडीने येतात.

‘धातू’ या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ. कारागिराला धातू म्हणजे तांबे, लोखंड. आणि आयुर्वेदात धातू म्हणजे शरीराला धारण करणारे सात घटक. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हा त्यांचा क्रम. प्रत्येक धातू आधीच्या धातूपासून घडतो अशी उपपत्ती असल्याने शेवटचे शुक्र हे सर्वांचे सार ठरले. लोकभाषेने येथे एक अर्थसंकोच केला. सातांपैकी शेवटच्यालाच ‘धातू’ हे सबंध नाव मिळाले. रक्त गेले तर रक्त गेले एवढेच म्हणतात. शुक्र गेले तर ‘धातू गेली’ म्हणतात, जणू शरीराचा आधारच गेला. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, हा लोकप्रचलित हिशेब याच कल्पनेचे अपत्य आहे. तो ज्या तरुणाच्या कानी पडला, त्याने निद्रेत आपोआप होणाऱ्या स्वाभाविक स्रावाला ‘स्वप्नदोष’ म्हटले. या सामासिक शब्दातील उत्तरपद पाहावे. स्वप्नात काही घडले, त्याला भाषेने तत्क्षणी दोष ठरविले. पुढे गळालेला चेहरा, दुखणारी कंबर, न लागणारे मन, या सर्वांचे कारण त्याला त्या एका शब्दात सापडू लागले.

भारतीय मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या तक्रारसमूहाला ‘धात’ हेच नाव देऊन त्याची वैद्यकीय चर्चा सुरू केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्या नावाचा उल्लेख झाला. पुष्कळ काळ हा केवळ पौर्वात्य मनाचा विकार समजला जाई. ते खरे नव्हे. स्वित्झर्लंडमधील वैद्य तिसो यांचा हस्तमैथुनाच्या कथित दुष्परिणामांवरील ग्रंथ १७६० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर शंभरावर वर्षे युरोप-अमेरिकेतील डॉक्टर हीच भीती शास्त्राच्या नावाने सांगत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या मराठी तरुणाला ही भीती दोन्हीकडून मिळाली. घरी आजोबांच्या ब्रह्मचर्योपदेशातून आणि शाळेत साहेबाच्या आरोग्यपुस्तकातून. दोन संस्कृतींचे एकमत झाले ते नेमके चुकीच्या मुद्द्यावर.

आता फार्सी-उर्दूच्या थराकडे वळावयाचे. औशाचा किल्ला बहमनी काळापासूनच्या दख्खनी सत्तांचा साक्षीदार आहे. त्या राजवटींतील लष्करी व महसुली व्यवहाराबरोबर ‘मर्द’ हा शब्द मराठीत आला आणि त्याने येथे ‘मर्दुमकी’ हे स्वतःचे लेकरू जन्माला घातले. बखरवाङ्मयातील मर्दुमकी म्हणजे रणातील शर्थ. तिचा शय्येशी काही संबंध नाही. स्त्रीही ‘मर्दानी’ ठरू शकत असे, यावरून हा शब्द तेव्हा शरीराऐवजी कृतीला चिकटलेला होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे तलवारी म्यान झाल्या. मर्दुमकी गाजविण्याचे क्षेत्र सामान्य माणसाच्या हातून गेले, आणि शब्द मात्र राहिला. तो घराच्या उंबऱ्याच्या आत शिरला. आज ‘मर्दानगी’ या शब्दाने होणारी जाहिरात गोळीबारुदाची नसते, औषधी गोळ्यांची असते.

हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील कोर्टकचेरीची, शिक्षणाची आणि बऱ्याच अंशी औषधोपचाराची भाषा तीच. युनानी वैद्यकाची परिभाषा या मार्गाने ग्रामीण मराठीच्या शेजारी येऊन बसली. या वैद्यकात ‘कुव्वते-बाह’ म्हणजे रतिसामर्थ्य ही स्वतंत्र संज्ञा आहे, आणि ‘जिर्यान’ ही वीर्यस्रावाच्या विकाराची संज्ञा आहे. याही ठिकाणी तोच प्रकार घडला. नेमक्या संज्ञा हकिमाच्या पोथीत राहिल्या, आणि बाजारात आला तो ‘कमजोरी’ हा सैल, सर्वसमावेशक शब्द. मराठवाड्यातील रुग्ण आजही ‘कमजोरी आहे’ एवढेच म्हणतो. त्यात थकवा आला, लिंगाच्या ताठरतेची तक्रार आली, शीघ्रपतन आले, वीर्य पातळ असल्याची समजूत आली, आणि सूनमुख पाहूनही नातवंड दिसत नाही ही आईची कुरकूरही आली.

अपत्यहीनतेच्या बाबतीत भाषेचा पक्षपात अधिक उघड आहे. ‘वांझ’ हा शब्द व्यक्तीला लावला की तो स्त्रीलाच लागतो. ‘वांझोटा’ असे पुल्लिंगी रूप व्याकरणाला मान्य आहे. व्यवहारात ते झाडाला किंवा प्रयत्नाला लावतात, पुरुषाला क्वचितच. ज्याच्या शरीरात संभोगाची पूर्ण क्षमता आहे परंतु बीज नाही, अशा पुरुषासाठी बोलीत शब्दच नाही. शब्द नसल्यामुळे तशी शक्यताही विचारात येत नाही. मग मूल होत नाही याचे कारण घरात एकाच व्यक्तीकडे शोधले जाते. तिला देवऋषी, तिला उपास, तिला सवत.

या समजुतीला बीज-क्षेत्राच्या प्राचीन रूपकाचा आधार आहे. पुरुष बी पेरणारा, स्त्री जमीन; पीक बी पेरणाऱ्याच्या नावाचे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या रूपकाची सविस्तर चर्चा आहे, आणि समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८० च्या दशकात, हे रूपक मालकी हक्काचे समर्थन कसे करते, याचे मर्मग्राही विवेचन केले. त्यात एका गोष्टीची भर घालण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्याच्या तोंडी हे रूपक आहे, तो शेतात मात्र ते पाळीत नाही. तूर किंवा सोयाबीन उगवले नाही तर औशाचा शेतकरी प्रथम बियाण्यावर संशय घेतो, पिशवी जपून ठेवतो आणि कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवितो. उगवणक्षमतेची परीक्षा पेरणीपूर्वी घरच्या घरी कशी करावी हे त्याला ठाऊक असते. घरातील शेताच्या बाबतीत मात्र बियाण्याची परीक्षा शेवटी होते, किंवा होतच नाही. वैद्यकदृष्ट्या वीर्यतपासणी ही वंध्यत्वाच्या सर्व तपासण्यांत अत्यंत सोपी होय, आणि अपत्यहीन जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते.

या साऱ्या शब्दांच्या गर्दीत स्पष्ट बोलण्याचा पहिला निर्धारयुक्त प्रयत्न मुंबईत झाला. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२-१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले, या कार्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक अखेरपर्यंत चालविले. गणितज्ञाला शोभेल असाच त्यांचा मराठी गद्याचा बाणा होता : व्याख्या आधी, निष्कर्ष नंतर, भावनेला मध्ये जागा नाही. या मासिकातील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर हे मराठी पुरुषाच्या लैंगिक चिंतांचे बहुधा सर्वांत महत्त्वाचे छापील साधन होय. जे हकिमाच्या कानात सांगितले जाई ते येथे प्रथमच शाईने लिहिले गेले आणि त्याला शाईने उत्तर मिळाले. हस्तमैथुनाने शक्ती नष्ट होते ही समजूत निराधार आहे, हे कर्व्यांनी पुनःपुन्हा सांगितले.

अशा प्रश्नोत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्याआधी १९३१ च्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लोक लैंगिक प्रश्न विचारतात त्यांना ज्ञानपूर्वक उत्तर देणे हे अश्लील कसे, असा बचावाचा रोख होता. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. या घटनेचे स्मरण मतस्वातंत्र्याच्या इतिहासात केले जाते, ते योग्यच आहे. परंतु शब्देतिहासाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. न्यायालयापुढे प्रश्न होता तो काही विशिष्ट शब्द मराठी-गुजराती वाचकासमोर उघडपणे ठेवता येतात की नाही हा, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले. याच काळात जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांसारख्या औषधांच्या जाहिराती देशभरच्या वृत्तपत्रांतून बिनदिक्कत छापल्या जात होत्या. भीती विकण्यास परवानगी होती. भीती घालविण्यास दंड होता. जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ मध्ये आला. लैंगिक सुखाची क्षमता वाढविणाऱ्या औषधांची जाहिरात त्याने निषिद्ध केली. परिणाम एवढाच झाला की जाहिरात वृत्तपत्रातून उतरून एस. टी. स्थानकाच्या भिंतीवर गेली, आणि तिची भाषा अधिक धूसर झाली. ‘गुप्तरोग’ हा तिचा आवडता शब्द. त्यात रोगाचे नाव नाही, लपविण्याची आज्ञा मात्र आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ‘कुटुंब’ या शब्दाचा मराठीतील जुना, घरगुती अर्थ ‘बायको’ असा आहे. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे म्हणणारी पिढी तेव्हा हयात होती. कार्यक्रमाचे नाव संस्कृत कोशाच्या आधारे ठेवले. ऐकणाऱ्याने ते घरच्या कोशाच्या आधारे ऐकले असल्यास नवल नाही. आरंभी मात्र व्यवहार नावाच्या उलट होता. १९५० व १९६० च्या दशकांत महाराष्ट्रातील शिबिरांत भर पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर असे. मुंबईत १९६७ मध्ये रेल्वे स्थानकांवरसुद्धा त्यासाठी केंद्रे उघडण्यात आली. शस्त्रक्रिया लहान, धोका कमी, खर्च थोडा, असा वैद्यकाचा साधा हिशेब होता.

तथापि तिचे नाव पडले ‘नसबंदी’. शरीरशास्त्रात जी तोडली जाते ती शुक्रवाहिनी, एक बारीक नळी. लोकभाषेत नस म्हणजे रक्ताची शीर, स्नायूची दोरी, बळाचा मार्ग. नस बंद झाली म्हणजे बळ बंद झाले असा अर्थ त्या नावातच होता. त्यात भर पडली गोठ्यातील अनुभवाची. खोंड औताला जुंपण्यायोग्य करण्यासाठी त्याला खच्ची करतात. जुन्या पद्धतीत वृषण बडवीत. पुढे पशुवैद्याचा चिमटा आला. हा चिमटा वृषणाकडे जाणारी दोरी कातडीवरूनच चेपतो. त्या दोरीत शुक्रवाहिनी असते तशाच रक्तवाहिन्याही असतात. त्या चेपल्यामुळे वृषण सुकतो, आणि पोळाचा बैल होतो. त्याची मान, त्याचा स्वभाव, त्याची मस्ती, सारे बदलते. शेतकऱ्याने हे डोळ्यांनी पाहिले होते. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्यांना धक्का लागत नाही, वृषणातील अंतःस्राव पूर्ववत् रक्तात मिसळत राहतो, आणि वीर्यातील शुक्रजंतूंचे प्रमाण मुळातच अत्यल्प असल्याने स्रावही पूर्वीसारखाच दिसतो. हा भेद त्याला कोणी सांगितला नाही. म्हणून ‘नसबंदी म्हणजे खच्चीकरण’ हे समीकरण अडाणीपणाचे म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. ते एका अचूक निरीक्षणावरून काढलेले चुकीचे अनुमान होते, आणि ते दुरुस्त करण्याऐवजी शासनाने माणसांना शिबिरात आणण्याची घाई केली.

या घाईचा कळस आणीबाणीत झाला. बार्शी हे लाइट रेल्वेने लातूरच्या बाजारपेठेशी बांधलेले गाव. तेथे जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसे उचलून त्यांच्यावर सक्तीने शस्त्रक्रिया केल्याचे प्रकरण गाजले. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाचा आकार मर्यादित करणारे, म्हणजे तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. पुढच्या वर्षी हा सर्व आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास खाली आला. मार्च १९७७ मध्ये सरकार पडले, ‘कुटुंबनियोजन’ खाते ‘कुटुंबकल्याण’ झाले.

इतिहासकार येथे सामान्यतः सत्तेच्या अतिरेकाचा आणि जनतेच्या रोषाचा वृत्तांत संपवितात. वस्तुतः महत्त्वाचा भाग त्यानंतर सुरू होतो. पुरुषांनी नकार दिला, आणि तो नकार शासनाने मान्य केला. लोकसंख्येचे उद्दिष्ट मात्र कायम राहिले. तेव्हा शस्त्रक्रिया पुरुषाकडून स्त्रीकडे सरकविण्यात आली. १९८० च्या दशकात दुर्बिणीतून करावयाच्या शस्त्रक्रियेची शिबिरे गावोगाव भरली, आणि ‘ऑपरेशन’ हा शब्द मराठवाड्यातील खेड्यांत विशेषणावाचून केवळ बाईच्या त्या ऑपरेशनसाठी रूढ झाला. तिच्या नकाराची भीती कोणत्याही सरकारला वाटली नाही. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि पुरुषाची साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

ही पाहणी झाली त्याच सुमारास, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव नुकतेच निजले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे मातीचे जड छप्पर निजलेल्यांवर कोसळले. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. पुढे झालेल्या सामाजिक अभ्यासांत, पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्याची नोंद आहे. पुरुष बाहेर, अंगणात वा शेतावर निजलेले असत, स्त्रिया व मुले आत. कोणी कोठे निजावयाचे हा पुरुषत्वाचाच एक नियम होय. त्या रात्री त्याचा हिशेब वेगळ्या रीतीने झाला.

त्या पहाटेनंतर घरांची जी अवस्था झाली तिचे दोन नमुने पाहण्यासारखे आहेत. पहिले घर असे, जेथे नवरा-बायको वाचली आणि मुले गेली. दोन-तीन मुलांनंतर तिचे ऑपरेशन झालेले होते. आता वंशासाठी पुन्हा मूल हवे. म्हणजे पुन्हा तिनेच शस्त्रक्रियेच्या मेजावर जावयाचे, आणि बांधलेली नळी जोडून घ्यावयाची. या दुसऱ्या शस्त्रक्रियेत यशाची शाश्वती पहिलीइतकी नसते. नियोजनाची शस्त्रक्रिया तिची, त्या नियोजनाच्या दुरुस्तीचीही तिचीच. नवऱ्याची क्षमता या सर्व काळात अबाधित होती, आणि तसे ती असावी म्हणूनच मुळात त्याला शिबिरापासून दूर ठेवलेले होते. दुसरे घर असे, जेथे बायको गेली. तेथला पुरुष पुनर्विवाहास मोकळा होता, शरीराने आणि रूढीनेही. अशा पुरुषाला मराठीत ‘बिजवर’ म्हणतात. यातील ‘बिज’ ही भाऊबिजेतील बीज आहे. द्वितीयेवरून आलेला, दुसरेपणाचा वाचक असा तो शब्द. ऐकणाऱ्याला मात्र त्यात बियाण्याचे बीज ऐकू येते, आणि ही लोकव्युत्पत्ती वस्तुस्थितीला धरून आहे, कारण बिजवराकडून अपेक्षा बीजाचीच असते. विधवेच्या दुसऱ्या विवाहाला मात्र ‘लग्न’ न म्हणता ‘पाट’ किंवा ‘म्होतूर’ म्हणण्याची रीत होती. तिची शस्त्रक्रिया झालेली असल्यास त्या पाटालाही कोणी विचारीत नाही. त्याचे दुसरेपण लग्नपत्रिकेत मावते. तिच्या दुसरेपणाला वेगळा शब्द लागतो.

येथपर्यंतच्या विवेचनावरून या व्यवस्थेत पुरुष केवळ लाभधारक होता असे वाटेल. ते अर्धसत्य होय. ज्या शब्दांनी त्याला सत्ता दिली, त्याच शब्दांनी त्याचे दुखणे अडवून धरले. मुंबईतील श्रमिकवस्त्यांत एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, पुरुषांना गुप्तरोग म्हणून विचारले असता संसर्गजन्य विकारांपेक्षा कमजोरी, धातू जाणे आणि शीघ्रपतन यांचीच काळजी ते अधिक सांगत. त्या वस्त्यांत पोट भरण्यासाठी आलेल्यांत मराठवाड्यातील दुष्काळी भागाचे लोक पुष्कळ आहेत, आणि गावची परिभाषा घेऊनच ते आलेले आहेत. ज्याला सत्ता आणि लिंगाची ताठरता यांसाठी एकच शब्द शिकविला, तो ताठरता गेली म्हणजे सत्ता गेली असे मानणार. मग तो बायकोवर संशय घेतो, हात उगारतो, किंवा परगावच्या तंबूतील औषधवाल्यापुढे रुपये मोजतो. शेजारच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात जात नाही, कारण तेथे गावची परिचारिका ओळखीची असते.

स्त्रियांची मुग्धता याहून खोल आहे, हे विसरता कामा नये. गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन खेड्यांत केलेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळला; हे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषाचे भय काल्पनिक रोगाचे असून त्याच्यासाठी बाजार उभा राहिला. स्त्रीचा रोग खरा असून त्याच्यासाठी खाटही नव्हती. पुरुषाच्या तोंडी निदान ‘कमजोरी’ हा शब्द आहे. स्त्री ‘अंगावरून जाते’ असे म्हणते, आणि त्या क्रियापदाला कर्ता नसतो.

२०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अर्धा टक्काही भरले नाही. देशातील पस्तीस टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हे स्त्रीचे काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, या विधानास संमती दिली. बिनटाक्याची पुरुष-शस्त्रक्रिया येऊन तीन दशके झाली, तरी तिच्या नावात ‘नस’ आहेच.

दरम्यान मराठवाड्याच्या आहारविहारात पालट झाला, मधुमेह आणि रक्तदाब खेड्यांत पोहोचले. ताठरतेची तक्रार ही पुष्कळदा या विकारांची पूर्वसूचना असते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागल्याची खूण तेथे आधी दिसू शकते, कारण तेथील वाहिन्या अधिक बारीक असतात. पन्नाशीचा गृहस्थ दवाखान्यात येतो आणि ‘डॉक्टरसाहेब, जरा कमजोरी वाटते’ एवढे बोलून थांबतो. डॉक्टरही तोच शब्द ऐकत वाढलेला असतो. तो एक सलाइन लावतो, शक्तीचे टॉनिक लिहून देतो, आणि रक्तातील साखर तपासावयाची राहून जाते.